अंजिराच्या बागेतली दुपार

नोकरीच्या शेवटच्या दिवशी वहिनी सामान जमा करायला भांडारात गेल्या, तेव्हा टेबलापलीकडे वकील बसले होते. वहिनींनी एकेक वस्तू पुढ्यात ठेवायला सुरुवात केली. जाड जाकीट, चेहऱ्यावर ओढायची काच, गवत कापायची कात्री, छोटं खुरपं, जमिनीत तिरकी खुपसून बघायची सळई. वकील प्रत्येक वस्तू उलटसुलट करून अशी बघत होते, की जणू वहिनी जुन्या बाजारात काहीतरी खपवायला आल्या आहेत.

"काचेवर ओरखडा आहे," वकील म्हणाले.

"तुमच्या वेळचाच आहे तो."

"माझ्या वेळी तुम्ही काच मातीच्या हाताने पुसायचात. तेव्हाही सांगत होतो."

"तेव्हा तुम्ही काय सांगत नव्हतात, वकील? सकाळ उजाडली तरी हरकत घ्यायचात."

वकील हसले आणि खुर्चीत जरा सरकून बसले. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली नकली होता आणि फार वेळ एकाच बाजूला बसलं की टोचायचा. ते काही खरे वकील नव्हते. पूर्वी ते बस-कंडक्टर होते. पण कुठलीही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य करायची नाही असा त्यांचा बाणा होता, म्हणून छावणीने त्यांना ती पदवी बहाल केली. वहिनींचंही तसंच. कामावर रुजू झाल्या त्या दिवशी छावणीतला आचारी म्हणाला, "वहिनी, चहा घ्या." प्रशिक्षण द्यायला आलेल्या परदेशी बाईंना वाटलं, हेच हिचं नाव. त्यांनी ते जाकिटाच्या पाठीवर रंगवून टाकलं. त्यानंतर केवढे तरी पाहुणे आले, हात पुढे करून "मिसेस वहिनी" म्हणाले, आणि वहिनींनी कुणालाही दुरुस्त केलं नाही.

खिडकीतून मैदान दिसत होतं. एके काळी तिथे तंबूंची रांग होती. सकाळी शिट्टी झाली की सगळे एकमेकांच्या जाकिटाचे पट्टे आवळून द्यायचे आणि गाड्यांत बसेपर्यंत एकमेकांची टिंगल करायचे. आता दोन तंबू उरले होते, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर एकच टॉवेल होता. काम संपत आलं होतं. संपावं म्हणूनच तर सगळ्यांनी जन्म घालवला होता. तरी वहिनी त्या एकट्या टॉवेलकडे बघत राहिल्या.

हे काम म्हणजे जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढणं. युद्ध संपलं, सैन्यं आपापल्या घरी गेली, पण जाताना पेरून ठेवलेलं कुणी वेचून नेलं नाही. शेतं, शाळांच्या मागची मैदानं, विहिरींच्या वाटा, सगळीकडे कवटीच्या खुणेचे लाल फलक लागले. मग एक संस्था आली आणि दवाखान्याच्या भिंतीवर कागद लागला, की माणसं हवी आहेत, बायकासुद्धा चालतील.

वहिनींनी तो कागद वाचला, तेव्हा त्यांचा नवरा परदेशी कामाला जाऊन बरेच दिवस झाले होते. आधी त्याचे फोन यायचे, मग कधीमधी यायचे, मग थांबले. घरात दोघीच उरल्या, सासू आणि सून. सासूबाई रजया शिवायच्या, वहिनी त्यांच्या हाताखाली. मुलाबद्दल सासूबाईंनी एकदाच तोंड उघडलं. "पोटचा आहे, पण वळण लावायचं माझंच राहून गेलं," एवढंच म्हणाल्या. भिंतीवरचा त्याचा फोटो त्यांनी काढला नाही. त्याच खिळ्याला एक कॅलेंडर अडकवलं, आणि फोटो आपोआप मागे गेला.

अशा बाईला कसं सांगायचं, की मी सुरुंग काढायला जाते? वहिनींनी सरळ थाप मारली.

"आई, छावणीत स्वयंपाकाचं काम मिळालंय."

सासूबाईंनी सुई थांबवली. "तुला? स्वयंपाकाचं? त्या लोकांनी तुझ्या हातचं आधी खाल्लं आहे का?"

"नाही."

"मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी पुन्हा टाका घातला.

वहिनींचा भात करपायचा, भाजी खारट व्हायची आणि हातातून कपबशी निसटायची. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण नोकरी ती नोकरी. सासूबाई चारचौघांत सांगू लागल्या, "आमची सूनबाई छावणीभर माणसांचं जेवण रांधते," आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या.

शिकायला मात्र वहिनींना वेळ लागला नाही. गंमत म्हणजे घरात धांदरट असलेली ही बाई सुरुंगांच्या जागेभोवती ठोकलेल्या लाल खुंट्यांच्या आत गेली की वेगळीच व्हायची. हातभर रुंदीची एक पट्टी आखलेली असायची. आधी सुरुंगाला जोडलेली तार आडवी आहे का बघायचं, मग गवत कात्रीने कापून बाजूला ठेवायचं, मग धातू ओळखणारं यंत्र फिरवायचं. यंत्र किणकिणलं की गुडघ्यांवर बसायचं आणि लांबून, एका अंगाने, माती खरवडत जवळ जायचं. वरून कधीही नाही. बहुतेक वेळा निघायचा एखादा खिळा, डब्याचं झाकण, घोड्याच्या नालाचा तुकडा. दिवसच्या दिवस नुसते खिळे. पण प्रत्येक खिळ्यापाशी तितकंच हळू जायचं, हीच खरी नोकरी होती.

आणि ती त्यांना आवडायची. हे त्यांनी त्या वेळी कुणाजवळ कबूल केलं नसतं. नाकाजवळ आलेला कापल्या गवताचा वास, काचेच्या आत आपलाच ऐकू येणारा श्वास, आणि डोक्यात दुसरं काहीही नाही. नवरा नाही, फोन नाही, उद्याची चिंता नाही. विश्रांतीची शिट्टी झाली की सगळे झाडाखाली जमायचे. घामाने चेहऱ्याला चिकटलेले केस, हातात चहाचे पेले, आणि वकिलांचा दिवसाचा वाद. शेजारच्या पट्टीत काम करायचा एक उंच, मुखदुर्बळ गडी. त्याला सगळे कासव म्हणायचे. बाकीच्यांची पट्टी निम्मी व्हायची तेव्हा कासवाची सुरू झालेली असायची. वकील म्हणायचे, "हा शोधायला लागला की सुरुंग कंटाळून आपणच बाहेर येतो." कासव नुसता मान डोलवायचा आणि पेल्यातला चहाही तितक्याच सावकाश संपवायचा.

थाप फार दिवस टिकली नाही. एका उन्हाळ्यात छावणीतल्या निम्म्या लोकांची पोटं बिघडली. पाणी खराब आलं होतं. पण बातमी गल्लीत पोचेपर्यंत तिचं रूप पालटलं. छावणीतलं जेवण खाऊन माणसं आडवी झाली! सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी घरातला आमटी वाढायचा मोठा डाव उचलला, डोक्याला रुमाल बांधला आणि थेट छावणीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या सुनेला बोलवा," त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या. "आणि तिला सांगा, चुलीपासून लांब हो. आजपासून मी बघते."

पहारेकऱ्याला काही कळेना. त्याने आचाऱ्याला हाक मारली. भरघोस मिशांचा, पोट सुटलेला आचारी हात पुसत बाहेर आला.

"तू कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मी इथला आचारी."

"आणि माझी सून?"

"कोण, वहिनी?" आचारी मोठ्याने हसला. "आजी, वहिनींना मी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. एकदा चहा केला होता त्यांनी. अजून लोक नाव काढतात."

मग छावणीच्या साहेबांनीच म्हाताऱ्या बाईंना गाडीत बसवून कामाच्या जागी नेलं. पाहुण्यांसाठी लांबवर एक छत असायचं. तिथे त्यांना जाकीट घातलं, डोक्यावर काच चढवली आणि दुर्बीण हातात दिली. डाव त्यांनी सोडला नाही. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. त्यांची सून गुडघ्यांवर बसून, ब्रशने, एखाद्या तान्ह्या बाळाच्या अंगावरची माती झाडावी तशी जमीन झाडत होती.

सासूबाई उठल्या नाहीत. शेवटची शिट्टी होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. वहिनी खुंट्यांच्या बाहेर आल्या, काच वर केली आणि समोर डाव घेऊन बसलेल्या सासूबाई दिसल्या, तेव्हा त्यांना वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं.

घरी परत येताना सासूबाई डाव काखेत धरून पुढे चालत होत्या.

"तुझ्या हातून घरात एक कपबशी टिकत नाही," शेवटी सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"मग तिथे कसं गं जमतं?"

वहिनींनी विचार केला. "तिथे मला कुणी घाई करत नाही, आई."

सासूबाईंनी डाव दुसऱ्या काखेत घेतला. घर जवळ आलं तसं म्हणाल्या, "गुडघ्यांना काय बांधता तुम्ही लोक? चिंध्या बांधल्यासारखं दिसत होतं." आणि दुसऱ्या दिवशी जुन्या रजईचा कापूस काढून त्यांनी दोन जाड, घट्ट टाक्यांच्या गाद्या शिवल्या. मग कासवाने मागितल्या, वकिलांनी मागितल्या, आणि होता होता आख्खी छावणी सासूबाईंच्या गाद्यांवर गुडघे टेकू लागली. गल्लीत मात्र त्यांनी आपलं जुनंच चालू ठेवलं. "सूनबाई रांधते," म्हणायच्या. "लोकांना कशाला घोर लावायचा?"

ते दिवस वहिनींना पुढे जन्मभर पुरले.

वकिलांचा पाय गेला तो दिवसही त्याच काळातला. विश्रांतीच्या वेळी वारा सुटला आणि वकिलांची टोपी उडून खुंट्यांच्या पलीकडे, अगदी एका पावलावर जाऊन पडली. नियम असा, की टोपी तिथेच सोडायची. वकिलांनी जन्मभर प्रत्येक नियमाशी वाद घातला होता. त्या दिवशी त्यांनी वाद न घालता नुसतं पाऊल टाकलं. स्फोटाचा आवाज फार मोठा झाला नाही, एवढंच वहिनींच्या लक्षात राहिलं. आणि स्ट्रेचरवर नेताना पांढरेफटक झालेले वकील म्हणत होते, "टोपी आणा रे कुणीतरी."

त्या दिवशी वहिनी घरी आल्या आणि भिंतीला टेकून बसून राहिल्या. जाऊ नकोस असं आई म्हणतील, याची त्या वाट बघत होत्या. कुणीतरी म्हणायला हवं होतं. सासूबाईंनी त्यांच्या पायांशी बसून गाद्यांचे बंद सोडले. एका गादीला रक्त लागलं होतं. त्यांनी ती धुतली, वाळत घातली आणि उसवलेला कोपरा शिवून टाकला. सकाळी ती दाराशी ठेवलेली होती. जा असं त्या म्हणाल्या नाहीत, जाऊ नको असंही नाही. वहिनी गेल्या. तुकडीतले बरेचसे आले होते. कासव नेहमीसारखा सगळ्यांच्या शेवटी आला.

सासूबाईंच्या मनात एकच गोष्ट होती. कालव्यापलीकडे त्यांची अंजिराची बाग होती. त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली. युद्धात सैन्याची रांग नेमकी त्या बांधावरून गेली आणि बाग फलकांच्या आत अडकली. दर उन्हाळ्यात अंजिरं पिकायची, पडायची आणि पाखरं खायची. सासूबाई कालव्याच्या अलीकडे उभ्या राहून बघायच्या.

"आपल्या बागेची पाळी कधी?" त्या विचारायच्या.

"आधी शाळा, मग विहिरी, मग रस्ते, आई. बागा शेवटी."

"बरोबर आहे," म्हणायच्या. "पोरं आधी." आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारायच्या. वहिनी तोवर तुकडीच्या प्रमुख झाल्या होत्या. एक शब्द टाकला असता तर साहेबांनी बाग वर घेतलीही असती. वहिनींनी तो टाकला नाही, आणि सासूबाईंनी टाकायला लावला नाही.

मग सासूबाईंना विसर पडू लागला. आधी भाजीत दोनदा मीठ पडायचं. वहिनी गमतीने म्हणायच्या, "आई, आता आपली बरोबरी झाली." मग शेजाऱ्यांची नावं गेली. एक दिवस त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मागचा फोटो बघत उभ्या राहिल्या. "हा मुलगा चांगल्या घरातला दिसतो," म्हणाल्या. वहिनी चटकन दुसऱ्या खोलीत निघून गेल्या.

आणि मग ती दुपार आली.

वहिनी कामावर होत्या. गल्लीतला सायकलवाला धापा टाकत आला आणि म्हणाला, "तुमच्या सासूबाई बागेत आहेत. आत. झाडाखाली बसल्यात."

सगळी तुकडी गाड्यांतून कालव्यावर पोचली. ऊन रणरणत होतं. फलकांच्या पलीकडे, बागेच्या पार आत, एका मोठ्या झाडाखाली सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या आणि ओच्यात अंजिरं गोळा करून निवडत होत्या. युद्ध त्यांना आठवतच नव्हतं. अंजिरं पिकली होती, बाग आपली होती, म्हणून त्या गेल्या होत्या. ज्या वाटेने त्या गेल्या ती वाट निर्धोक, हे खरं. पण वाळल्या गवतावर म्हातारीची हलकी पावलं उमटलीच नव्हती. वाट होती, आणि कुणाला दिसत नव्हती.

वहिनी जाकिटाचे पट्टे आवळू लागल्या. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरच्या माणसाने आत जायचं नाही. तुम्हीच सगळ्यांना शिकवता हे."

"साहेब, त्या माझं ऐकतील. दुसऱ्या कुणाचं नाही."

"मग बोला त्यांच्याशी. बोलायला आत जावं लागत नाही."

वहिनींनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पट्ट्याचं बक्कल दोनदा निसटलं होतं. अशा हातांच्या माणसाला त्यांनी स्वतःच पट्टीतून बाहेर काढलं असतं. मागे वळून पाहिलं तर कासव आधीच गुडघ्यांना गाद्या बांधत होता. साहेबांनी दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही.

कासव पट्टीत उतरला. तार बघितली, गवत कापलं, यंत्र फिरवलं, खुंटी पुढे सरकवली. आणि वहिनी कालव्याच्या काठावर बसून ओरडून बोलू लागल्या.

"आई! काय करताय?"

"अंजिरं निवडतेय. तू कोण गं?"

"मी... शेजारची."

"बस मग. उन्हात उभी राहू नकोस."

"बसलेय. तुम्ही पण बसून राहा. अंजिरं नीट निवडा हं. कच्ची वेगळी."

"मला शिकवू नकोस," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "माझ्या सुनेसारखी. तिला ओली अंजिरं आणि कांदे यांतला फरक कळत नाही."

काठावर उभे असलेले सगळे हसले आणि लगेच गप्प झाले. कासव पहिल्या झाडापर्यंतही पोचला नव्हता. वहिनी बोलत राहिल्या. आयुष्यात कधी एवढ्या बोलल्या नव्हत्या त्या. रजयांचे रंग, जुनं घर, पुरात वाहून गेलेलं कोंबड्यांचं खुराडं, जे आठवेल ते. आणि सासूबाईही पलीकडून सांगत राहिल्या, शेजारच्या बाईला सांगावं तसं.

"तुमची सून काय करते?" वहिनींनी विचारलं, केवळ विचारायला काही उरलं नव्हतं म्हणून.

"रांधते. छावणीभर माणसांचं."

"चांगलं रांधते?"

"छे गं. जेवण तिच्या हातचं माणसाने घेऊ नये." सासूबाईंनी एक अंजीर डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "पण मुलगा गेला तेव्हा मला वाटलं, ही पण जाईल माहेरी. तरुण होती. मी रोज सकाळी तिच्या चपला बघायचे, दाराशी आहेत का. रोज असायच्या. तिला हे सांगू नकोस हं. डोक्यावर बसेल."

वहिनींनी तोंड फिरवलं. साहेब खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले, ती आधीच बांधलेली होती.

एवढ्यात कासवाने हात वर केला. सापडला होता एक. पट्टीच्या अगदी मधोमध. म्हातारी एवढ्या जवळ असताना तो जागच्या जागी उडवता येणार नव्हता. कासवाने खूण लावली, तेवढीच पट्टी वळवली आणि बाजूने नवी वाट काढायला सुरुवात केली. वहिनींनी आजवर त्याच्या संथपणावर किती विनोद केले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना वाटलं, जरा पटपट हात चालव रे बाबा. आणि लगेच मनातल्या मनात त्याला म्हणाल्या, नको, ऐकू नकोस माझं.

ऊन कलायला लागलं. सासूबाईंनी ओचा सावरला.

"चला, उशीर झाला. भात लावायचाय," म्हणाल्या आणि झाडाला धरून उठल्या.

"आई, बसा!"

"बसून कसं चालेल? सून येईल दमून."

त्यांनी पाऊल उचललं. वहिनींना काय सुचलं ते त्यांचं त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. त्या पूर्ण ताकदीने ओरडल्या, "आई, हलू नका! सुई पडलीये!"

म्हाताऱ्या बाई जागच्या जागी थिजल्या. जन्मभर त्यांच्या घरात सुई पडली की लहानथोरांनी जिथल्या तिथे उभं राहायचं, ती सापडेपर्यंत कुणी बोटही हलवायचं नाही, असा त्यांचाच दंडक होता. नावं गेली होती, युद्ध गेलं होतं, पोटचा मुलगा गेला होता, पण हे कुठेतरी शाबूत होतं. त्यांनी उचललेलं पाऊल होतं तिथेच परत टेकवलं.

"कुठे पडली?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमच्या पुढे. गवतात. हात लावू नका. तो माणूस शोधतोय बघा."

सासूबाईंनी पाहिलं. एक उंच माणूस गुडघ्यांवर रांगत, गवताची पाती वेगळी करत त्यांच्याकडे येत होता. त्यांनी जरा वेळ त्याचं काम बारकाईने न्याहाळलं.

"हळू शोधतोय," म्हणाल्या. "बरंय. नाहीतर पोरं भसकन हात घालतात."

झाडाला टेकून त्या उभ्या राहिल्या, आणि कासव त्यांच्यापाशी पोचेपर्यंत खरोखर हलल्या नाहीत. त्याने काच वर केली. घामाने तो न्हाऊन निघाला होता.

"सापडली का रे?"

"सापडली, आजी," कासव म्हणाला. छावणीत त्याच्या तोंडून एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "आता माझ्या मागून या. जिथे माझं पाऊल, तिथेच तुमचं."

दोघं बाहेर आले. वहिनी धावल्या आणि दोन पावलांवर थांबल्या, कारण आपण कोण म्हणून पुढे व्हायचं ते त्यांना कळेना. सासूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ओच्यातलं एक पिकलं अंजीर काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "केवढी माती गं अंगावर," म्हणाल्या, आणि रुमालाने त्यांचं तोंड पुसलं.

बागेची पाळी त्यानंतरच्या हंगामात लागली, आपल्या क्रमाने. म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या त्या झाडाच्या दुसऱ्या अंगाला, मुळाशीच, एक सुरुंग निघाला. वहिनींनी तो काढला नाही, उडवतानाही बघितला नाही. बाग मोकळी झाल्यावर सासूबाई आणखी काही उन्हाळे तिथे खाटेवर बसून राहिल्या. येणाऱ्या जाणाऱ्याला अंजिरं द्यायच्या आणि वहिनींना कधी सून म्हणायच्या, कधी बाळ, कधी नुसतं अगं. मग एका थंडीत झोपेतच गेल्या. तुकडीतले सगळे आले होते, वकीलसुद्धा, नव्या पायावर, कुबडी न घेता.

"झालं," वकिलांनी टेबलावरून आवाज दिला, आणि वहिनी भानावर आल्या. "सगळं जमा. ओरखडा मी लिहून घेतलाय."

"घ्या. तुमचं समाधान झालं ना?"

"समाधान कसलं?" वकील उठून उभे राहिले. "तुम्ही गेलात की इथे वाद घालायला कोण उरलं? कासव तर 'हो' म्हणायलासुद्धा अर्धा दिवस घेतो." ते फाटकापर्यंत सोडायला आले. तिथे कासव उभा होता, केव्हापासून कुणास ठाऊक. त्याने वहिनींची पिशवी बसपर्यंत नेली आणि बस सुटेपर्यंत हात वर करून उभा राहिला.

वहिनी घराच्या एक थांबा आधीच उतरल्या. पाण्याच्या टाकीमागचा उतार त्यांना बघायचा होता. तिथे त्यांनी एक आख्खा हंगाम सुरुंग शोधत गुडघ्यांवर काढला होता आणि नंतर कायम गाडीतूनच पुढे निघून गेल्या होत्या. आता उताराखाली नवी घरं झाली होती, गच्च्यांवर कपडे वाळत होते. थांब्यापासून घरांकडे डांबरी रस्ता वळसा घालून जात होता. पण गवतातून तिरकी, सरळ एक पायवाट पडली होती. लोकांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेली.

वहिनी उताराच्या कडेला थांबल्या. मागून भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आली.

"मावशी, इथूनच जा," ती म्हणाली. "रस्त्याने फार लांब पडतं. आम्ही सगळे इथूनच जातो."

"कधीपासून आहे ही वाट?"

बाईने खांदे उडवले. "पहिल्यापासूनच. का हो?"

"काही नाही, सहज," वहिनी म्हणाल्या.

बाई झपाझप पुढे निघाली. बस रोज उशिरा येते, कंडक्टर सुटे मागतो, टाकीचं पाणी सकाळी येतच नाही, असं काय काय सांगत. वहिनींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिचं बोलणं चुकू नये म्हणून, उन्हं पडलेल्या त्या उतारावरून, तिच्या बरोबरीने भरभर चालू लागल्या.